सुतार, मुलीचं नाव काय ठेवलं?

—हलू नका म्हणते ना मी! कान हातात येईल एखादा. मग कोर्टात काय सांगाल, 'जजसाहेब, मला प्रश्न ऐकू आला नाही, कारण कान घरी स्टुलाखाली पडलाय'? तुमच्या तुरुंगातल्या साहेबांना चालेल, हो, फार आवडेल त्यांना. मला नाही चालणार. मान खाली. आणखी खाली. हं, अशी. आणि टॉवेल दोन्ही हातांनी धरून बसा, म्हणजे हात सारखा मिशीकडे जाणार नाही — मिशीला मी हात लावत नाहीये, घाबरू नका, मिशी तुमची, साक्ष तुमची, माझी फक्त कात्री. सलूनमध्ये वेळेवर गेला असतात तर माझ्या हाती सापडला नसतात. पण जाणार कसे? तिथे बाकावर अर्धी कॉलनी बसलेली — पहारेकरी, स्टोअरवाले, तो डिस्पेन्सरीतला कंपाउंडर — आणि सगळ्यांचं एकच, 'काय मग, काय सांगणार तुम्ही?' म्हणून तुम्ही दोनदा सलूनच्या दारापर्यंत गेलात आणि दोनदा पेपर घेऊन परत आलात. मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? घरात पेपर येतोच की, बाबा!

एक सांगू? रागावणार नसाल तर. म्हणजे रागावलात तरी सांगणारच आहे, कात्री माझ्या हातात आहे. ते समन्स आलं ना तुमच्या नावाचं, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. स्वतःच्या नावाचं पाकीट, कोर्टाचा माणूस सही घेऊन हातात देऊन गेलेला — आणि तुम्ही काय केलंत? आधी खिडकीशी नेऊन उजेडाला धरलंत. मग कानाशी हलवून पाहिलंत. मग कडेकडेनं बोट फिरवलंत, आत पातंबितं आहे का म्हणून! कोर्ट तुम्हाला पातं कशाला पाठवेल? मग ती तुमची पातळ सुरी, डाव्या अंगानं एकच सर्रकन — आणि सगळं वाचून झाल्यावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची खूण. समन्सवर! म्हणजे तुम्ही कोर्टालाच पास करून टाकलंत. — हसलात. गाल हलला, पाहिलं मी. हसा हो, नुसती मान हलवू नका.

आणि हे काही आजचं नाही. मी होस्टेलवर होते तेव्हा आई मला पत्र लिहायची, नीट चिकटवायची, आणि पेटीत टाकायला कोणाकडे द्यायची? तुमच्याकडे. म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या. माझ्याकडे ते पत्र यायचं कोपऱ्यात खूण घेऊन. मैत्रिणी विचारायच्या, ही खूण कसली गं? मी सांगायचे, आमच्याकडच्या पोस्टाची पद्धत आहे. काय सांगणार दुसरं? माझे वडील तुरुंगाच्या टपालखोलीत आहेत, दिवसभर कैद्यांची पत्रं फोडून वाचतात, आणि संध्याकाळी घरी आले की हात थांबत नाहीत त्यांचे? एकदा तर आईनं लिहिलं होतं, 'तुझ्या बाबांच्या घोरण्यानं रात्रभर डोळ्याला डोळा नाही' — आणि 'घोरण्यानं'वर काळी रेघ! पुढे 'डोळ्याला डोळा नाही' तेवढं शिल्लक. मी घाबरून फोन केला, आईला झालंय काय म्हणून! — आई, ऐकतेयस ना? बघा, पातेलं आपटलं. आज सकाळपासून आई बोलत नाहीये, भांडीच बोलतायत. मघाशी कुकरचं झाकण पडलं ते 'आठवत नाही म्हणून सांगा' असं पडलं. आणि आत्ताचं पातेलं म्हणजे 'पोरी, तू मध्ये पडू नकोस'.

पडणार. मध्येच पडणार. मला लहानपणी 'तोफ' नाव तुम्हीच ठेवलंत, आता कानात बोटं घालून कसं चालेल? थांबा, कानामागे जरा वाढलेत, कान दुमडते हं. — तर मी आता त्या कैदी सुताराच्या वकीलबाई. त्या आज अशाच उभ्या राहणार तुमच्यासमोर, काळा कोट घालून, हातात कात्री नसेल एवढंच. उजळणी करू या. साक्षीदार, आपण टपालखोलीत किती वर्षं होता? — बोलू नका, केस तोंडात जातील, मीच सांगते तुमच्या वतीनं. 'बाई, ही मुलगी बोलायला लागायच्या आधीपासून.' छान. आणि या मुलीच्या बोलण्यानं आपल्या ऐकण्यावर काही परिणाम झालाय का? 'हो बाई, बराच.' छान. आणि आपली स्मरणशक्ती कशी आहे?

हां. इथे थांबलात. इथे श्वास घेतलात तुम्ही, खांदे वर आले.

कारण साहेबांनी केबिनमध्ये बोलावून, खुर्ची देऊन — आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची! — काय सांगितलं? 'वय झालं तुमचं. या वयात माणसाला सगळं कुठे आठवतं? आठवत नाही म्हणालात तर कोणी फासावर देणार नाही.' किती प्रेमळ! तुमच्या वयाची काळजी त्यांना तुम्ही तापानं फणफणलेले असताना सुट्टी मागितलीत तेव्हा कुठे होती? आणि बाबा, दुसऱ्या कोणी 'आठवत नाही' म्हटलं तर मी मान्य करीन. पण तुम्ही? तुम्हाला आपल्या घरातले वाढदिवस आठवत नाहीत, कबूल, पण बराकीतल्या स्वयंपाक्याच्या बहिणीचं पहिलं ठरलेलं लग्न कोणामुळे मोडलं, ते आठवतं. त्या चष्मेवाल्या कैद्याच्या आजीचा डोळा कुठला — डावा का उजवा — ऑपरेशन झालं, ते आठवतं. रोज ताटावर बसलात की पहिल्या घासाला सुरुवात — 'त्या पेंटरचा मुलगा पास झाला बरं का.' आणि आपण सगळे, हो, मीसुद्धा, 'अरे वा! गणितातपण?' पाहुण्यांपेक्षा कैद्यांच्या नातेवाइकांची चौकशी जास्त होते आपल्या घरात. आई अजून विचारते मला, त्या बहिणीचं मग दुसरीकडे जमलं का गं. आता कळायला मार्ग नाही. आता तुम्ही तिकडे चादरी-कांबळ्यांच्या गोदामात.

ते एक छान केलं साहेबांनी. सुताराचा अर्ज कोर्टात गेला, आणि टपालखोलीतल्या दोघांनाही उचलून बाहेर — दोघांपैकी जीभ कोणाची घसरली ते त्यांना कळेना, म्हणून दोघेही. तुमच्या नशिबी कांबळी. आणि आता कांबळी उजेडाला धरून बघता ना? खरं सांगा. बघताच. मी पैज लावते, एखाद्या कांबळ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण सापडेल.

बरं, डावा कान झाला. आता मागची बाजू. मुख्य प्रश्नाकडे येते. साक्षीदार, आपण सुतारास ओळखता का? 'हो बाई. तुरुंगाच्या लाकूडकारखान्यात काम करतो. कोर्टातल्या खुर्च्याही त्याच्याच हातच्या, आपण जिच्यावर बसलात ती बघा, हलणार नाही.' असं सांगाल? सांगा ना, बाईंना आवडेल. — आणि या सुतारावर साहेबांची मर्जी खप्पा कशामुळे झाली? तर करवतीला जाळी नव्हती, एकाचं बोट गेलं, आणि सुतारानं सगळ्यांच्या सह्या घेऊन तक्रार केली. झालं. जाळी बसली नाही ती नाहीच, पण सुताराची पत्रं बसली. तुमच्या मागच्या त्या लोखंडी कपाटात. 'त्याचं टपाल वाचा आणि बाजूला ठेवा.' लेखी नाही, तोंडी. लेखी द्यायला साहेब काय वेडे आहेत? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

थांबा, मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. मान ताठ झाली म्हणजे तेच वाक्य येणार. 'पत्रं तपासावीच लागतात. एकदा बापड्या आईच्या पत्रातून पातं आलं होतं, एकदा तिकिटाच्या पाठीला नशेची पूड होती.' तपासा ना! कोण नको म्हणतंय? उजेडाला धरा, हलवा, हुंगा, घोरण्यावर रेघ मारा. पण तपासून झालं की द्या. द्या त्या माणसाला! त्याला शिक्षा कोर्टानं दिली, ती तो भोगतोय, तक्रार नाही. पण त्या निकालात 'आणि याला घरचं पत्र मिळणार नाही' असं लिहिलं होतं कुठे? साहेबांनी ते स्वतःच्या हातानं खाली जोडलं, पदरची शिक्षा. कोणी विचारलं नाही. चार भिंतींच्या आत माणूस बंद केला की बाहेरच्यांना वाटतं, त्याचं सगळंच बंद झालं — नाव, नाती, सगळं. आणि पत्र ही मेहरबानी वाटते लोकांना! मेहरबानी नाही ती, हक्क आहे त्याचा, आणि हक्क असा कपाटात — बरं. बरं, हळू बोलते. कात्री हवेत गेली का? सॉरी. नाही लागली ना? बघू. नाही. थोडं तिरकं कापलं गेलं, पण ते मागे आहे, जजसाहेब समोर असतात.

कुठे होते मी? हां. कपाट. तर त्याच्या बायकोचं पत्र आलं. मुलगी झाली. सोबत वेगळ्या कागदावर शाईत बुडवून उठवलेला बाळाच्या पायाचा ठसा. तुम्ही त्या दिवशी जेवताना सांगितलंत ना आम्हाला — काही सांगत नव्हतात खरं तर, नुसता अंगठा वर केलात आणि म्हणालात, 'एवढा. माझ्या अंगठ्याएवढा पाय.' आणि मग पाणी प्यायलात. आईनं विचारलं, कोणाचा? तुम्ही म्हणालात, सुताराच्या मुलीचा. आणि मी विचारलं, सुताराला किती आनंद झाला असेल ना? तेव्हा तुम्ही ताट पुढे सारलंत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. मला वाटलं आमटी खारट झालीये.

आणि पुढची गंमत — गंमतच म्हणायची, नाहीतर रडू येईल — ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. दुसरा कोणी कोरडा कारकून असता तर पत्र वाचलं, कपाटात टाकलं, विसरला. तुम्ही कुठले विसरणार! मनात घर करून बसली ती मुलगी. कारखान्यात टपालाच्या पेटीचं बिजागर दुरुस्तीला द्यायला गेलात, दारात सुतार रंधा मारत होता, आणि तुम्ही अगदी शेजाऱ्याला विचारावं तसं, कौतुकानं — 'काय सुतार, मुलीचं नाव काय ठेवलं?'

रंधा थांबला. तुम्हीच सांगितलंत. रंधा थांबला, आणि तो म्हणाला, 'कोणाच्या मुलीचं?'

बाबा, मला हे आठवलं की हसावं की — तुम्ही म्हणे तिथून इतक्या जोरात निघालात की बिजागर तिथेच राहिलं. आणि पेटी अजून मोडकीच आहे. जगात कोणाचं असं झालं नसेल. बापाला मुलगी झाल्याचं कळलं तुरुंगाच्या कारकुनाकडून, आणि तेही पेढा मागायच्या सुरात! तिकडे त्या बाईनं काय समजावं? मुलगी झाली म्हणून कळवलं, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, उत्तर नाही. तिला वाटलं, मुलगी झाली म्हणून गडी फिरला. भावाकडे निघून गेली ती, मुलीला घेऊन, आणि लिहिणंच सोडलं. इकडे सुतारानं पत्र मागितलं तर साहेबांचं ऑफिस म्हणतं, कुठलं पत्र? असं काही आलेलंच नाही. मग त्यानं कोर्टात अर्ज केला, आणि काय चमत्कार! पत्रं आली! गठ्ठ्यानं आली, सगळ्यांवर कालपरवाच्या तारखेचे 'मिळाले'चे ताजे शिक्के. पोस्टाचे जुने शिक्के म्हणे पाण्यानं पुसले गेलेले. कपाटात पाऊस पडतो वाटतं! — आता ऑफिस सांगतं, पत्र आमच्याकडे आलंच मुळी उशिरा, आलं तसं दिलं. आणि कागद त्यांच्या बाजूनं बोलतात. सुताराच्या बाजूनं बोलणारं काय आहे? एक प्रश्न. तुम्ही विचारलेला. पत्र आलंच नव्हतं, तर तुम्हाला मुलगी झाल्याचं कळलं कुठून? आकाशवाणी झाली? तुम्ही आज 'हो, मी विचारलं होतं' एवढं म्हणालात की ते सगळे ताजे शिक्के वाळून गळून पडतात. आणि एकट्या सुताराचं नाही हं, सगळ्या बराकींचं कपाट उघडतं. आणि 'आठवत नाही' म्हणालात, तर अर्ज फेटाळला, सुतार खोटारडा, साहेब खरे, आणि त्याची बायको जन्मभर समजणार की त्यानं विचारलंसुद्धा नाही.

माहितीये. क्वार्टर जाईल म्हणून आई घाबरते. रिटायरमेंट तोंडावर आलंय, पेन्शनचे कागद साहेबांच्याच सहीनं जाणार. माहितीये मला. मी काही हवेत नाही राहत, याच दोन खोल्यांत राहते. ओलीचा डाग पडलेली ही भिंत मलाही — आवडत नाही, पण आपली आहे. इकडे आड तिकडे विहीर, खरंय. पण बाबा, त्या माणसाकडे बघा. काय होतं त्याच्याजवळ वाचवायला? काहीच नाही. आणि त्यानं वाचवलं कोणाला, तर तुम्हाला! अर्जात तुमचं नावसुद्धा घातलं नाही त्यानं — 'कारखान्याच्या दारात एका कर्मचाऱ्याने मला विचारले' — बस, एवढंच. वकीलबाईंनी किती खोदून विचारलं, कोण होता, कसा दिसतो, बुटका की उंच — तर म्हणे, 'मी रंधा मारत होतो, मान खाली होती, चपला तेवढ्या दिसल्या.' चपला! स्वतःची केस स्वतःच्या हातानं लंगडी करून ठेवली, का, तर म्हाताऱ्याची नोकरी जायला नको, तो एकटाच आमच्याशी माणसासारखा बोलतो, असं बाहेर पडता पडता बाईंना —

काय?

मान खाली. — कुठून कळलं म्हणजे? अर्जातच आहे ना ते. अर्ज काय, कोर्टात दाखल झाला की सगळ्यांनाच — नाही, सगळ्यांना नाही, बरोबर आहे. आणि चपलांचं अर्जात नाहीये, तेही बरोबर आहे. तुमच्यासमोर बोलायचं म्हणजे एकेक वाक्य मोजून मापून — बाबा, बघू नका असं माझ्याकडे. पुढे बघा. भिंतीकडे बघा.

आई, भांडी का थांबली तुझी?

बरं. हे बघा. टपालखोलीत दोघं होता तुम्ही. साहेबांना कळेना कोण, वकीलबाईंना कळेना कोण, सुतार सांगेना. मग समन्सवर तुमचंच नाव बरोबर आलं कसं? तुम्ही उजेडाला धरून पाहिलंत तेव्हा हा प्रश्न पडला असेलच तुम्हाला. पडला असणारच, तुम्हाला पत्राच्या बाहेरचंही वाचता येतं.

हो. मी.

मी गेले होते त्यांच्या ऑफिसात. स्वतःहून. मला वाटलं, ह्यात काय विचार करायचा, खरं ते खरं. जिन्यानं वर जाताना तर मी अगदी — जाऊ दे. कॉलेजात एवढी भाषणं ठोकली होती ना, तीच पायांत आली. पुरी अंगठ्याची, ताटाची, बिजागराची गोष्ट सांगितली. वकीलबाई लिहून घेत होत्या आणि मला फार बरं वाटत होतं. मग खाली आले, आणि रस्त्यावर उभी राहिल्यावर आठवलं, की तुम्ही ते आम्हाला सांगितलं होतंत. जेवताना. घरात. दार लावलेलं असताना. तुम्ही फोडत होतात ती निदान नोकरीची पत्रं होती, वरून हुकूम होता. मला कोणी हुकूम दिला होता? सुतारानं तुमचं नाव पोटात ठेवलं, ज्याला तुम्ही त्याच्या मुलीचं पत्र दिलं नाहीत त्यानं — आणि मी, तुमची मुलगी — बोला की काहीतरी. आता बोललात तरी चालेल. केस जाऊ देत तोंडात.

— अहो, कुठे निघालात? बाबा! अर्धंच झालंय! एका बाजूनं तुम्ही साहेब दिसताय आणि दुसऱ्या बाजूनं फरारी. असे जाणार कोर्टात? टॉवेल तरी — बाबा, रागवा, पण बसून रागवा. आई, थांबव ना त्यांना! — आणि जाकिटाच्या खिशात काय शोधताय? गोळी हवीये का? छातीत दुखत नाही ना? बोला हो!

हे काय?

माझं? माझ्या नावाचं?

हा छाप तर — हा वकीलबाईंच्या ऑफिसचा छाप आहे. केवढा मोठा, लाल, आंधळ्यालाही दिसेल. कधी आलं हे? लिहून कळवते म्हणाल्या होत्या, मी वाट बघून कंटाळले, मला वाटलं विसरल्या बाई. — समन्सच्या आधी? समन्सच्या आधी आलं हे? म्हणजे तुम्हाला तेव्हापासून — आणि मी मघापासून इथे आडून आडून, उजळणी काय, वकीलबाई काय — आणि तुम्ही खाली मान घालून ऐकताय! शांतपणे! अहो, तुम्ही माणूस आहात का — थांबा. थांबा, बघू दे. डावी बाजू. नाही. उजवी. वरून — नाही. चिकटवलंय तसंच आहे हे. खिडकीशी या जरा. नाही, कुठेच उचकटलेलं नाही. कोपऱ्यात खूण नाही.

तुम्ही हे फोडलंच नाही?

एवढे दिवस जाकिटात घेऊन हिंडलात. कांबळ्यांच्या गोदामात एकटे बसून. सुरी खिशात, पाकीट खिशात, वर लाल छाप, आत तुमच्याच नावाचं काहीतरी असणार हे कळत असताना — आणि नाही फोडलंत. — अडवलंत मात्र! हसू नका, अडवलंत, 'बाजूला ठेवा'च केलंत त्याचं. असू दे. एकदम सगळी सवय कशी जाईल. हळूहळू जाईल.

मी पण नाही फोडत आत्ता. ठेवते इथे, घड्याळाखाली. संध्याकाळी आलात की फोडू, तुमच्या सुरीनं. आईसमोर. 

बसा. बसताय ना? हो. — हो, उजवा कान राहिलाय. तुम्हीच पुढे केलात, पाहिलं मी. मान तिकडे. 

...

...

गप्प आहे मी. खरंच गप्प आहे. कापू दे.

...

हं. झालं. हात फिरवून बघा. मागे तिरकं आहे ते आहेच. मानेवरचे झटकते. उठा. शर्ट दारामागे लावलाय, इस्त्री गरम आहे अजून त्याची. चपला नकोत, बूट घाला — नाही, थांबा. चपलाच घाला. त्याच घाला. 

आणि ते नाव मला माहितीये. त्या दिवशी ऑफिसात वकीलबाईंकडूनच कळलं, त्याच्या बायकोला त्यांनी शोधून काढलंय, सुनावणीला येणार आहे ती, मुलीला घेऊन. चांगलं नाव आहे. नाही, मी नाही सांगणार, कितीही बघितलंत तरी. कोर्टाच्या बाहेर बाकावर तो बसलेला असेल, दोन पहारेकऱ्यांच्या मध्ये. त्यालाच विचारा. मागच्यासारखंच विचारा. सगळ्यांसमोर.

जा आता. जा, बाबा. केस मी झाडते.